तुम्ही विचारलंत म्हणून: सीनियर मुलींना त्या मजल्यावर जाऊ का देते

दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत वसतिगृहाच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर कुणाचे तरी वडील बसलेले असतात. पिशव्या पायाशी, मुलीची गादी बाहेर व्हरांड्यात. फॉर्म भरून होतो, मेसचं डिपॉझिट होतं, लोकल गार्डियनच्या रकान्यात मामाचं नाव लिहायचं की आत्याचं यावर थोडं बोलणं होतं. मुलगी खोली बघायला वर गेली की ते जरा पुढे सरकतात आणि हळू आवाजात विचारतात, "मॅडम, बोर्डावर लिहिलंय, सीनियर मुली पहिल्या वर्षाच्या मुलींच्या खोल्यांवर येणार म्हणून. हे तुम्ही चालू कसं देता? काही कमीजास्त झालं तर?"

मी मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवते आणि बारा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. टेबलाशी दोन मिनिटांत मी जे उत्तर देते ते मला स्वतःलाच अपुरं वाटतं. मागे अजून दहा पालक उभे असतात. म्हणून इथे सावकाश सांगते.

तुमची भीती खोटी नाही. आपल्या राज्यानं रॅगिंगविरुद्ध १९९९ साली कायदा केला, तो उगाच नाही. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातलं, त्याच्या आदेशावरून रॅगिंग रोखण्यासाठी राघवन समिती झाली आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, नियमावली आली. त्या नियमावलीत स्पष्ट आहे की नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवा, ते जमत नसेल तर सीनियर त्यांच्यापर्यंत कसे पोचतात यावर वॉर्डननं कडक नजर ठेवावी. बहुतेक कॉलेजांनी एवढंच वाचलं. मीही एवढंच वाचलं होतं.

मी रेक्टर झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचा दरवाजा बसवून घेतला. रात्री आठला कुलूप, किल्ली माझ्याकडे. एकाही सीनियर मुलीला वर जायची परवानगी नव्हती. वर्षभर रॅगिंगची एक तक्रार आली नाही. बैठकीत मी ते अभिमानानं सांगितलंसुद्धा.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीला गेलेली एक मुलगी परत आली नाही. वडिलांचा फोन आला, "तिला नाही शिकायचं म्हणते." सामान न्यायला भाऊ आला. खोलीतल्या बाकीच्या तिघींना मी खोदून विचारलं तेव्हा हळूहळू कळलं की ती दोन महिने धड जेवत नव्हती. रात्री जिन्याच्या कोपऱ्यात बसून राहायची, लेक्चरला जायचं सोडून खोलीतच पडून असायची. "मग मला का नाही सांगितलं गं?" तर त्यातली एक म्हणाली, "मॅडम, आम्हाला वाटलं हॉस्टेलला असंच असतं. आम्ही पण रडायचोच."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. त्या मजल्यावर ऐंशी मुली होत्या आणि ऐंशीच्या ऐंशी नवीन. घरची आठवण येऊन आठवडाभर रडू येणं कुठे संपतं आणि काहीतरी बिनसलंय हे कुठे सुरू होतं, ते ओळखणारी एकही त्यांच्यात नव्हती. जी ओळखू शकली असती, जिनं ते दोन वर्षांपूर्वी स्वतः भोगलं होतं, तिला मी जाळीच्या दरवाजाबाहेर ठेवलं होतं. त्या मुलीचं शिक्षण सुटलं, त्यात माझा वाटा आहे. हे मी आता कुणापासून लपवत नाही.

मग मी ती नियमावली पुन्हा वाचली, यावेळी शेवटपर्यंत. त्यातच लिहिलेलं आहे की दरवर्षी वर्ष संपताना, पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांसाठी, स्वतःहून पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक गट तयार करावा. सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरमागे त्यांच्या वरच्या वर्षाचा एक. म्हणजे ज्या कागदानं सीनियरना लांब ठेवायला सांगितलं, त्याच कागदानं त्यांना जवळ आणायलाही सांगितलंय. फक्त कुणीही, कधीही, कसंही नाही. कोण येणार हे ठरलेलं असावं, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारंही कुणीतरी असावं. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी ही पद्धत कितीतरी वर्षं चालू आहे.

मग आम्हीही असा गट सुरू केला. त्यातल्या मेंटॉर मुली कशा निवडतो, हेही बरेच जण विचारतात. टॉपरची यादी घेऊन बसत नाही. पहिलं वर्ष संपवणाऱ्या मुलींना एप्रिलमध्ये एक चिठ्ठी देते. तुला रात्री काही लागलं तर तू कुणाच्या खोलीत गेलीस? पॅड असो, क्रोसिन असो, एम-वनचं गणित असो. ज्या नावाच्या तीन-चार चिठ्ठ्या निघतात तिला बोलावते. अशा मुलींमध्ये केटी लागलेल्या, म्हणजे एखादा विषय राहिलेल्या असतात, कमी बोलणाऱ्या असतात. एक तर अशी होती जी बोलताना किंचित अडखळायची. तिच्याइतकं कुणी ऐकून घेत नसे.

मग तीन दिवसांचं प्रशिक्षण. शहरातल्या एक मानसोपचारतज्ज्ञ बाई येऊन ते घेतात. पहिला अख्खा दिवस काही वाक्यं तोंडातून काढून टाकण्यात जातो. "टेन्शन नको घेऊ." "अगं, सगळ्यांचंच असं होतं." "त्यात काय एवढं." "माझं बघ, मी तर..." आपण सगळेच ही वाक्यं मायेनं बोलतो, आणि समोरची तिथल्या तिथे गप्प होते. मुली जोड्या करून बसतात, एक सांगते, दुसरीनं पाच मिनिटं सल्ला द्यायचा नाही. पाच मिनिटं फार मोठी असतात. मी स्वतः करून बघितलं, मला तीन मिनिटंसुद्धा जमलं नाही.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. मुलीची ओळख पटू नये म्हणून गाव आणि शाखा सांगत नाही. आमच्याकडे गरम पाणी सोलरचं, सकाळी सहा ते साडेसात. पहाटेच मुली नळाशी बादल्या लावून ठेवतात, प्रत्येक बादलीवर नेलपॉलिशनं नाव. तिसऱ्या वर्षाची आमची एक मेंटॉर, बीड जिल्ह्यातली, दात घासता घासता रोज त्या रांगेवरून नजर फिरवायची. तिच्या सहा मुलींपैकी एकीची निळी बादली चार दिवस रांगेत दिसली नाही. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, तिसऱ्या फेरीत ॲडमिशन मिळून उशिरा आलेली मुलगी. वर्ग सुरू झालेले, ड्रॉइंगच्या चार शीट मागे पडलेल्या, खोलीतल्या इतरांची गट्टी आधीच जमलेली.

पाचव्या दिवशी मेंटॉरनं खोलीत जाऊन ती निळी बादली घेतली, स्वतःच्या बादलीबरोबर भरली, दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "पाणी निवेल गं." बाकी काही बोलली नाही. मुलगी उठली, आंघोळ करून आली. संध्याकाळी मेंटॉर पुन्हा गेली, चहाचे दोन कप घेऊन, आणि नुसती बसली. पाऊण तासानं ती मुलगी बोलायला लागली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात सरांनी काहीतरी विचारलं, ते इंग्रजी तिला कळलंच नाही, उभी राहिली, मागून कुणीतरी हसलं. तेव्हापासून वर्गात पाय टाकवत नव्हता. आणि खरं दुखणं याच्याही खाली होतं. जुलै २०२४ मध्ये सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, म्हणून घरच्यांनी तिला पाठवलं होतं. "मी इथं नापास झाले ना ताई, तर धाकटीला बारावीनंतर घरीच बसवतील."

अठरा वर्षांची मुलगी स्वतःच्या परीक्षेसोबत बहिणीचं पुढचं आयुष्यही डोक्यावर घेऊन बसली होती. तिनं हे मला सांगितलं असतं? मी रेक्टर, सहीशिक्क्याची बाई. आई-वडिलांना तर ती हे सांगूच शकत नव्हती, कारण ओझं त्यांच्याच नावाचं होतं. फोनवर ती रोज "जेवले, बरंय" म्हणत होती.

मेंटॉरनं मग शिकवल्याप्रमाणे सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का कधी? मरून जावं असं येतं मनात?" हा प्रश्न ऐकून पालक दचकतात. असं विचारल्यानं नसता विचार डोक्यात घुसेल, असं त्यांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की तसं होत नाही. उलट विचारल्यावर माणसाला बोलायला वाट मिळते. ती मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "झोपले की उठूच नये असं वाटतं."

आमच्या मेंटॉर मुली सगळं पोटात ठेवतात. कुणाचं प्रेमप्रकरण, कुणाच्या घरचं भांडण, कुणाला मासिक पाळीचा त्रास, यातलं माझ्यापर्यंत काही येत नाही आणि यावंही असं मला वाटत नाही. फक्त जिवाची गोष्ट आली की गुपित ठेवायचं नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं. मेंटॉर तिला म्हणाली, "हे आपण दोघींनीच नाही धरून ठेवायचं. मॅडमकडे जाऊ, मी बसते तुझ्याशेजारी." रात्री साडेदहाला दोघी माझ्या दारात उभ्या. मी गॅसवर दूध ठेवलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावला. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. पलीकडच्या ताईंशी ती वीस मिनिटं बोलली. मेंटॉर त्या रात्री तिच्या खोलीत गादी टाकून झोपली. दुसऱ्या दिवशी समुपदेशक आणि डॉक्टर. मग मी तिच्या घरी फोन केला, तिला विचारून, ती समोर असताना. वडील रात्रीच्या एसटीनं निघून सकाळी हजर झाले. त्यांनी तिला रागावलं नाही. एक शब्द न बोलता ते अर्धा तास तिचा हात धरून ऑफिसातल्या बाकावर बसले होते.

तिला त्या वर्षी दोन केटी लागल्या. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, महिन्यातून एकदा अजून समुपदेशकांकडे जाते. वर्गात पहिल्या बाकावर बसते, कारण तिथे मागचं हसू ऐकू येत नाही, असं तिनंच मला सांगितलं.

मेंटॉरला जेवढं जमतं तेवढंच तिनं करावं, याबाबत मी कडक आहे. औषध सुचवायचं नाही, उसने पैसे द्यायचे नाहीत, असाइनमेंट लिहून द्यायची नाही. दर गुरुवारी सगळ्या माझ्या खोलीत जमतात, तिथे नाव न घेता जड झालेलं बोलतात. आणि ही मुलगी म्हणजे समुपदेशक नव्हे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मेंटॉर किंवा समुपदेशक नेमून द्यावेत, विशेषतः परीक्षेच्या काळात, हेही त्यात आहे. मला यातलं एक दुसऱ्याच्या बदल्यात नको आहे. वीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर डॉक्टरचं काम टाकून कॉलेजनं पैसे वाचवावेत, हा अन्याय आहे. जिथे तसं चालतं तिथे पालकांनी जरूर भांडावं.

जाळीचा दरवाजा अजून आहे. रात्री अकराला लागतो. मेंटॉर मुलींची नावं आणि फोटो जिन्याच्या भिंतीवर आहेत, त्यांच्याशिवाय दुसरी सीनियर वर गेली तर वॉचमन मावशी मला फोन करतात. एखादी मेंटॉरच दादागिरी करू लागली तर? एकदा झालं तसं. नव्या मुलींकडून जर्नल पूर्ण करून घेत होती. त्या सहा जणी तिच्या वरच्या मेंटॉरकडे गेल्या, तीन दिवसांत हिचं नाव भिंतीवरून उतरलं आणि पुढची कारवाई रॅगिंगच्या नियमानं झाली. सहा जणींना कुणाकडे जायचं हे माहीत होतं, म्हणूनच ते बाहेर आलं.

आता माझंही एक मागणं आहे. या वर्षी पहिल्या वर्षाला ८४ मुली आहेत. सहाला एक धरली तर चौदा मेंटॉर हव्यात, माझ्याकडे अकरा आहेत. तिघींनी एप्रिलमध्ये नाव दिलं होतं आणि मे महिन्यात मागे घेतलं, कारण घरून सांगणं आलं, "अभ्यास सोडून हे धंदे कशाला?" त्या बीडच्या मेंटॉरचे वडीलही तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर याच खुर्चीत बसून, सीनियर मुली खोलीवर का येतात, हे विचारत होते. दोन वर्षांनी तुमच्या मुलीच्या नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या तर ती घरी तुम्हाला विचारेल. तेव्हा लगेच नाही म्हणू नका. आधी मला फोन करा, गुरुवारी संध्याकाळी मी सापडतेच.