पाच दिवसांत वसुली: ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’मधील माझा अनुभव

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा १९९९ सालचा, पाळीपाळीने खेळायचा संगणकावरचा रणनीतीचा खेळ मी अनेक वर्षे खेळत आलो आहे; त्यातली एक पाळी म्हणजे एक दिवस. तरीही मोठ्या नकाशावर, वरच्या पातळीवर संगणकाशी गाठ पडली की खेळातल्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माझा निकाल लागत असे. लढाया मी जिंकत होतो, हरत होतो तो जमाखर्चात, हे फार उशिरा उमगले. पहिल्या आठवड्यातले सोने सैनिकभरतीवर उधळायचे आणि उरलेला महिना तुटपुंज्या उत्पन्नावर रेटायचा, अशी माझी खोड होती.

अखेर एका रविवारी इमारतींच्या किमती वहीत मांडल्या. टाउन हॉलला २,५०० मोहरा लागतात आणि रोजचे उत्पन्न ५०० ने वाढते. सिटी हॉलला ५,००० लागतात आणि वाढ १,००० ची मिळते. कॅपिटॉलला १०,००० लागतात आणि वाढ २,००० ची. म्हणजे तिन्हींचा खर्च बरोबर पाच दिवसांत वसूल होतो. शिवाय नगरात दिवसाला एकच इमारत उभी राहत असल्यामुळे फुकट गेलेला दिवस नंतर कितीही सोने ओतले तरी भरून निघत नाही.

पुढच्या डावात ‘कॅसल’ हे नगर घेतले. पहिल्या दिवशी टाउन हॉल, मग बाजार, लोहारशाळा आणि मेज गिल्ड म्हणजे जादूगारांचा संघ (या तिघांवाचून सिटी हॉल बांधता येत नाही), पाचव्या दिवशी सिटी हॉल, सहाव्या दिवशी सिटाडेल ही तटबंदी, सातव्या दिवशी कॅसल आणि आठव्या दिवशी कॅपिटॉल, असा बेत आखला. कॅसल ही त्यापुढची तटबंदी (नगराचे आणि तिचे नाव एकच, याला इलाज नाही) असल्याशिवाय कॅपिटॉल बांधता येत नाही; ती सातव्या दिवशीच पुरी केल्याने ही अट भागते आणि आठवडा उलटताच भरतीसाठी मिळणाऱ्या सैनिकांची वाढ दुप्पट होते.

या सगळ्याला २८,५०० मोहरा लागतात. पहिल्याच दिवशी २,५०० मोहरा मोजून दुसरा नायक (सैन्य घेऊन नकाशावर फिरणारा सरदार) घेतला. पहिल्याने पहारे मोडायचे आणि दुसऱ्याने मागून वाटेवरचे लाकूड-सोने वेचायचे. या दुसऱ्याजवळ एकच ग्रिफिन (चपळ पंखधारी प्राणी) ठेवला, कारण तुकडीतला सर्वांत मंद सैनिक नायकाची दिवसभराची चाल ठरवतो. खजिन्याच्या पेट्यांमधून सोने किंवा नायकासाठी अनुभव यांपैकी एकच घेता येते; मी सोनेच घेतले.

तरीही आठव्या दिवशी ४०० मोहरा कमी पडल्या. आपल्याकडे एकच बाजार असताना स्फटिक या दुर्मीळ साधनाच्या एका नगाला ५० मोहरा मिळतात, म्हणून ८ स्फटिक विकून कॅपिटॉल उभे केले आणि स्वतःवर खूश झालो. देवदूत हे या नगराचे सर्वांत बलवान सैनिक जिथे भरती होतात, त्या पोर्टल ऑफ ग्लोरी या इमारतीला १० स्फटिक लागतात, हे तेव्हा डोक्यातच नव्हते. स्फटिकांची खाण दिवसाला एकच स्फटिक देते. वीस हजार मोहरा तिजोरीत पडून होत्या आणि मी रोज एकेक स्फटिक मोजत बसलो होतो. कॅपिटॉलसाठी एक दिवस थांबलो असतो तर २,००० मोहरांच्या तोट्यावर भागले असते. देवदूत मात्र आठवडाभर आधी आले असते.