आमची वाटचाल : पीसीच्या सामानातून डायल-अप सर्व्हर

नोव्हेंबर १९९८ ला सरकारने खासगी आयएसपींना, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना, दार उघडलं आणि जिल्ह्याजिल्ह्यातली मंडळी सी कॅटेगरीच्या, म्हणजे छोट्या भागापुरत्या, लायसनमागे लागली. लायसन मिळायचं, इंटरनेटला जोडणारी लीज लाइनही कशीबशी मिळायची, गाडी अडायची ती अ‍ॅक्सेस सर्व्हरपाशी, म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन लाइनवरून येणारे मॉडेमचे कॉल घेऊन त्यांना इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्रापाशी. पोर्टमास्टरसारखा इंपोर्टेड बॉक्स घ्यायचा तर छोट्या माणसाचं भांडवल तिथेच संपलं. आम्ही तेव्हा पुण्यात पीसी असेंबल करायचो, मी आणि माझा पार्टनर. तो म्हणाला, अरे त्या बॉक्सात असतं काय, पोर्टांची रांग, एक प्रोसेसर आणि रेडियसला, म्हणजे युजरचा पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरला, विचारणारं सॉफ्टवेअर, मग आपण का नाही बनवायचं? आणि बनवलं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

साधा सेलेरॉन, आठ-आठ पोर्टांची दोन सिरियल कार्डं, सोळा एक्स्टर्नल मॉडेम, पीसीक्वेस्टच्या सीडीवरून टाकलेलं लिनक्स, वर कॉल उचलून लॉगिन आणि जोडणी करणारी सॉफ्टवेअरं, एमगेटी, पीपीपीडी, पोर्टस्लेव्ह. सामान लॅमिंग्टन रोडचं. कार्ड घेताना पार्टनर आधी सिरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपवरचा नंबर वाचायचा, १६५५० असेल तरच पिशवीत. १६४५० ला एका बाइटचा बफर, पोर्टचा वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवला की कॅरेक्टर गळालीच. १६५५० ला सोळा बाइटचा फिफो बफर. दुकानदार वैतागायचे पण आमच्या डब्यात १६४५० कधी गेली नाही.

खरी करामत रिले बोर्डाची, म्हणजे सिग्नलवर वीज तोडणाऱ्या-जोडणाऱ्या स्विचांच्या बोर्डाची. मॉडेम हँग झाला की नुसती रिंग वाजत राहते, उचलत नाही, आणि एक्स्चेंजच्या हंटिंगला, म्हणजे कॉल मोकळ्या लाइनीवर टाकणाऱ्या सोयीला, ती लाइन मोकळी दिसते, म्हणजे येणारा कॉल तिथेच जाऊन आपटणार. रात्री दोनला अ‍ॅडॉप्टर काढून परत लावायला कोण जाणार? पार्टनरने प्रिंटर पोर्टच्या आठ डेटा लाइनींवर यूएलएन२८०३ ही रिले चालवणारी चिप आणि आठ रिले बसवले, उरलेल्या आठांना जास्तीचं प्रिंटर कार्ड. मॉडेम ओके म्हणेना की स्क्रिप्ट त्याचा सप्लाय पाच सेकंद तोडणार. टक्, दिवे गेले, टक्, दिवे आले, लाइन चालू. महागड्या बॉक्समधला अडकलेला पोर्ट सोडवायला इंजिनियर बोलवायचे लोक, आमचा डबा स्वतःचं स्वतः निस्तरायचा.

मग आलं ५६के, सेकंदाला ५६ किलोबिटांचं मॉडेम. इंपोर्टेड बॉक्स विकणाऱ्या मुंबईच्या एका डीलरने आमच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सांगायला सुरुवात केली की असेंबल्ड डब्यावर ३३.६ च मिळतं. अर्धं खरं होतं. व्ही.९० ला, म्हणजे ५६केच्या स्टँडर्डला, आयएसपीच्या बाजूने डिजिटल लाइन लागते, पीआरआय. पण ज्या गावच्या एक्स्चेंजला पीआरआयच नाही तिथे त्याचा तो बॉक्स लावणार कशाला? हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. हातातल्या ऑर्डरी कॅन्सल झाल्या, उधारीवर उचललेले मॉडेम ऑफिसात थप्पी लावून पडले, लॅमिंग्टन रोडचे फोन रोज, पार्टनरने एफडी मोडून दोन पोरांचे पगार दिले. आणि ते बॉक्स? कित्येक ठिकाणी पीआरआयची वाट बघत खोक्यातच. त्या डीलरने पैसे मोजून घेतले होते, पुढे कुठल्या प्रदर्शनात भेटला तर नमस्कारसुद्धा केला नाही. मला त्याचा राग अजून आहे.

सांगलीकडचे आमचे एक साहेब तेवढे हलले नाहीत. डीलर डेमो घेऊन गेला तर त्यांनी एवढंच विचारलं, आमच्या एक्स्चेंजला पीआरआय कधी मिळणार ते तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. तो परत आला नाही. साहेबांनी आम्हाला आणखी दोन डब्यांची ऑर्डर दिली, पूर्ण अ‍ॅडव्हान्स. त्या पैशावर कंपनी उभी राहिली.

नवीन पोरांनो, एक ऐका. लाइनीची जबाबदारी कोणाची ते कोटेशनमध्ये लिहा. अर्थिंग झाल्याशिवाय माल उतरवू नका, गिऱ्हाईक म्हणेल नंतर करू, अजिबात ऐकायचं नाही, वळवाच्या एका विजेत मॉडेमची अख्खी रांग जाते. लाइनीवर विजेचा झटका जमिनीत सोडणारी गॅस ट्यूब लावाच, तिथे पैसे वाचवू नका.

मधली वर्षं चांगली गेली. २००५ ला बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि डायल-अप हळूहळू संपलं. आता आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांना सिरियलवरून नेटवर्कवर आणायचे डबे बनवतो, आणि लटकलेल्या काट्याचा सप्लाय तोडायला पार्टनरचंच रिले सर्किट वापरतो. यंदाच्या गाळपासाठी कोणाला हवे असतील तर दिवाळीआधी सांगा, नंतर घाईत वायरिंग नीट होत नाही.