बुडा, पेस्ट आणि ऊन पाणी

वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं ज्याने लहानपणापासून पाहिलीत, त्याला जमिनीतून येणाऱ्या ऊन पाण्याचं फारसं अप्रूप नसतं. देवीने दिलं, आपण अंगावर घेतलं. हंगेरीच्या राजधानीचं, बुडापेस्टचं सेचेन्यी स्नानगृह मला आवडतं ते नेमक्या उलट कारणासाठी. तिथे आयतं काही मिळालेलं नव्हतं.

डॅन्यूबच्या पश्चिमेला बुडा, टेकड्यांचं. त्या टेकड्यांच्या पायथ्याशी जमीन भेगाळलेली आहे आणि गरम झरे आपसूक वर येतात. १५४१ ते १६८६ या काळात तिथे राज्य केलेल्या तुर्कांनी झऱ्यांवर घुमट चढवले. त्यांतल्या रुदास स्नानगृहाच्या अष्टकोनी हौदात आजही लोक डुंबतात. नदीच्या पूर्वेचं पेस्ट मात्र सपाट. बाजारपेठ मोठी, गरम पाण्याच्या नावाने ठणठणाट. पेस्टकरांना हे सलत असणार, असा माझा आपला अंदाज.

१८६८ साली विल्मोश झिग्मोन्डी नावाच्या खाणअभियंत्याने पेस्टच्या वारोशलिगेत या सार्वजनिक बागेत बोअर मारायला घेतली. आपल्याकडे पाचशे फुटांवर पाणी लागलं नाही तर पाणाड्याचा उद्धार सुरू होतो. हा गृहस्थ दहा वर्षं खाली जात राहिला. मधल्या काळात, १८७३ मध्ये, बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन शहरं एक झाली. म्हणजे खणायला घेतलं ते पेस्टमध्ये आणि पाणी लागलं बुडापेस्टमध्ये! १८७८ साली ९७० मीटरवर, फुटांत सांगायचं तर तीन हजारांच्याही वर, पाणी मिळालं. तेही ७४ अंशांचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्याला त्या दहा वर्षांत कितीजणांनी ऐकवलं असेल, कोण जाणे.

आधी तिथे एक साधंसं तात्पुरतं स्नानगृह उभं राहिलं. १८९६ मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेचं शेवटचं स्टेशनही त्याच्याच नावाचं होतं. कामावरून सुटायचं, गाडीत बसायचं आणि थेट गरम पाण्यात उतरायचं. नगररचना याहून शहाणी काय असते? आज दिसतो तो सेचेन्यीचा पिवळाधमक महाल ग्योझो त्सिग्लर या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरचा. तो स्वतः १९०५ मध्ये गेला, दारं उघडली १९१३ मध्ये. पुढे एका विहिरीचं पाणी पुरेना, म्हणून १९३८ मध्ये दुसरी खणली, १२५६ मीटर. ते पाणी आणखी कढत, ७७ अंशांचं. असलं पाणी अंगावर घेतलं तर सालटं निघतील. ते निववूनच हौदात सोडतात.

उघड्यावरच्या हौदांची मजा थंडीत. बाहेर पारा शून्याखाली, पाण्यावर वाफेचा पडदा, आणि त्यात छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. घोडा हलवायला पंधरा मिनिटं लागली तरी कुणी घाई करत नाही, आणि काठावरचे बघे फुकटचा सल्ला देतात. आपल्या पारावरची मंडळी तिथे पाठवली तर तासाभरात रुळतील. सांधे धरलेल्यांना डॉक्टर या स्नानाची चिठ्ठी लिहून देतात आणि सरकारी विमा खर्चाचा काही भाग उचलतो. ही गोष्ट मला त्या घुमट-खांबांपेक्षा जास्त श्रीमंतीची वाटते. अलीकडे शनिवारी रात्री तिथे रंगीत दिवे आणि दणदणाटी संगीत लावून पार्ट्या होतात. तरुण पर्यटक खूश, मी नाही. गुडघे धरल्यावर तेही चिठ्ठी घेऊन सकाळीच येतील.

आणि एक गिऱ्हाईक कायमचं. समोरच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांच्या हौदालाही हेच पाणी जातं. ते त्यांना चांगलंच मानवतं. पिढ्यानपिढ्या त्यांची पिल्लं तिथे वाढली आहेत. त्यांना ना तिकीट लागतं, ना डॉक्टरची चिठ्ठी.