लाभ, दोन, तीन

आईचं जपाचं यंत्र सध्या माझ्या बोटात आहे. अंगठीसारखं घालायचं, बटण दाबलं की आकडा एकानं वाढतो. आई त्यावर रामनाम मोजते, मी भोवत्या, म्हणजे दरवर्षी आमच्या माळावर येणारे शिकारी पक्षी.

याला भाचा जबाबदार. दसऱ्याला आला तेव्हा म्हणाला, "मामा, दरवर्षी नुसतं 'लई आले, लई आले' म्हणता. मोजा की एकदा." तेव्हापासून दुपार कलली की मी शेताच्या बांधावर. सोयाबीन निघालेलं, भुसकटाचा ढीग, पुढं माळावर पिवळी पडलेली कुसळी, आणि मागं बालाघाटाची निळसर कड. ऑक्टोबरचं ऊन अजून पाठ भाजतं, पण सावलीला बसावं तर आभाळ दिसत नाही.

भोवत्या घारीसारखा उंच घिरट्या घालत बसत नाही. पंख जरासे वर उचलून गवताच्या शेंड्यांवरून तरंगत येतो, डुलतो, मध्येच खाली पडल्यासारखा पडतो आणि नाकतोडा घेऊन उठतो. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून एवढं अंतर तोडून आमच्या रानातले नाकतोडे खायला यायचं! आमचे काही शेजारी याला कोंबडीचोर म्हणतात. मी वाद घालत नाही, फवारणीचा खर्च तेवढा विचारतो.

मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्या दिवशी एकच पक्षी मी चारदा मोजला असणार. मग युक्ती केली, बाभळीपासून विहिरीपर्यंत मनात एक दोरी ताणली. ती ओलांडून रात्रीच्या मुक्कामाला गवतात जाईल तोच धरायचा, परत फिरला तर वजा. (यंत्राला वजा करता येत नाही. जपात वजाबाकीची सोय कशाला असेल?)

आणि मोजताना तोंडातून "एक" निघतच नाही. खळ्यावर आजोबा पायलीनं ज्वारी मोजायचे. पहिली पायली पोत्यात पडली की "लाभ" म्हणायचे, मग दोन, तीन. पायली काठोकाठ भरून वर शीग, हातानं ती सारखी करायची, आणि ओततानाचा तो सळसळ आवाज. मी एकदा मध्येच विचारलं, "आबा, एक का नाही म्हणत?" आबा थांबले. माझ्याकडं पाहिलं. आकडा विसरले होते. सगळं पोतं रिकामं करून पुन्हा लाभापासून सुरुवात, आणि कारण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यामुळं परवा एक भोवत्या आला तेव्हाही मी पुटपुटलो, "लाभ." भाच्याच्या वहीत हे कसं लिहायचं कोण जाणे.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. शरदात त्यावरून जाणारे ससाणे, गरुड लोक मजा म्हणून बंदुकीनं पाडायचे. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगरच भाड्यानं घेतला, राखणदार बसवला आणि मोजणी सुरू झाली. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी, की ते पोरं वेगळी मोजत. टकल्या गरुडाचं डोकं पांढरं व्हायला काही वर्षं लागतात, त्यामुळं कोवळा पक्षी ओळखू येतो. १९५७ मध्ये ३२ मोठ्या गरुडांमागं कोवळा एकच निघाला. गरुड तर येत होते, पण पोरांशिवाय. डीडीटी या कीटकनाशकानं घात केला होता. नुसती बेरीज केली असती तर कळायला आणखी उशीर झाला असता.

काल दोरीवर सव्वीस झाले तेव्हा खालच्या रस्त्यानं ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर पाचटाच्या खोपीचे बांबू, भांडी, एक शेळी. ऊसतोडीची टोळी निघाली होती. मुकादम ओळखीचा, पाणी प्यायला थांबला.

"किती?" मी विचारलं.

"बारा कोयते."

कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. हा हिशेब इथं सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही लहानपणापासून. ट्रॉलीत गाठोड्यांच्या मधून डोकी दिसत होती. एक पोरगी शाळेच्या गणवेशातच होती. ट्रॅक्टर वळणावर जाईपर्यंत माझा अंगठा बटणावर होता, मग धूळ आली.

रात्री आईनं यंत्र मागून घेतलं, चष्मा लावून पाहिलं.

"पस्तीस जास्तीचे दिसायलेत रे."

"सव्वीस भोवत्या आहेत त्यात," मी म्हणालो.

"आन बाकीचे?"

मी जेवायला वाढ म्हणालो.