बेस आणि किक

रात्रीचा दीड. कोरेगाव पार्कातला शो आटपून आत्ता घरी आलोय. बेस गिटार वाजवून उजव्या हाताची दोन बोटं अजून ठणकतायत.

दुसऱ्या सेटमध्ये ड्रमरच्या मॉनिटरने, म्हणजे बाकीच्यांचं वाजवणं त्याला ऐकवणाऱ्या स्पीकरने, मान टाकली. त्याला काहीच ऐकू येईना. मी सरकून त्याच्या किक ड्रमला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, खेटून उभा राहिलो. पुढची चार गाणी त्याने माझ्या बोटांकडे बघत वाजवली. बेसची सगळ्यात खर्जातली ई तार जेमतेम ४१ हर्ट्‌झची, ती कानापेक्षा छातीत आणि पायाखालच्या फळीत जास्त कळते. तेवढ्यावर आम्ही ताल धरून ठेवला. समोर लोक नाचतच होते! ह्यासाठीच मी बेस वाजवतो, मनापासून.

निघताना वेटरदादा म्हणाले, "भाऊ, आज काउंटरवरचे ग्लास थरथरत होते." त्यांना मिठीच मारली.