स्टॉर्म लेक, आयोवा: शिफ्ट सुटण्याच्या वेळेला गावात असा

आयोवाच्या वायव्येला असलेल्या स्टॉर्म लेकची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 11,269 होती. 1980 मध्ये ती 8,814 होती. मका-सोयाबीनच्या पट्ट्यातली कितीतरी गावं याच काळात आटत गेली, हे मात्र वाढलं. टायसन कंपनीचे इथले डुकराच्या आणि टर्कीच्या मांसाचे कारखाने हे त्याचं मुख्य कारण. तळं देखणं आहे, पण एवढ्या लांब यायचं ते माणसांसाठी.

प्रवासी रेल्वे नाही, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यावीच लागते. सू सिटीहून साधारण सव्वा तास, डे मॉइनहून अडीच तास. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी रस्त्यावर हरणं येतात, वेग कमी ठेवा. हिवाळ्यात निघण्याआधी 511 या राज्याच्या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्यांची स्थिती पाहा. उघड्या माळावर बर्फ थोडा पडला तरी वाऱ्याने उडून समोरचं दिसेनासं होतं.

आधी थोडा इतिहास माहीत हवा. हायग्रेड या मांस कंपनीचा इथला जुना कारखाना 1981 मध्ये बंद पडला. पुढच्या वर्षी आयबीपी या दुसऱ्या मांस कंपनीने तो कमी मजुरीवर सुरू केला आणि 2001 मध्ये टायसनने आयबीपीच विकत घेतली. आयोवाने 1975 पासून ताई दाम या आग्नेय आशियातल्या जमातीच्या निर्वासितांना आसरा दिला होता. त्या ओघात आग्नेय आशियातली कुटुंबं इथे आली, मग मेक्सिकोतली, विशेषतः तिथल्या हालिस्को राज्यातली, नंतर सुदान आणि प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया बेटांवरची. काम जीवघेणं एकसुरी आहे. थंडगार हॉलमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून तोच काप दिवसभर मारायचा. मनगटं आणि खांदे आधी जातात. माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, म्हणूनच 2020 च्या मे महिन्यात डुकराच्या कारखान्यातल्या 2,517 कामगारांपैकी 555 जणांना कोरोना झाला.

कारखाना आतून पाहायला मिळेल असं धरून जाऊ नका. दुपारी शिफ्ट बदलते तेव्हा लेक अव्हेन्यूवरच्या दुकानांत थांबा, गावातली भाषांची सरमिसळ तिथे कानावर पडते. फोटो विचारून काढा आणि कुणालाही देशात राहण्याच्या कागदपत्रांबद्दल विचारू नका. ‘कुठून आलात’ हा प्रश्नसुद्धा ओळख झाल्यावरच. नवखा माणूस असं विचारू लागला की लोक घाबरतात, आणि ती भीती खरी आहे.

आकडे काढणाऱ्यांची हमखास एक चूक होते. जनगणनेत हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतल्या मुळाचं) असणं आणि वंश हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींचे टक्के एकत्र मिळवले की बेरीज शंभराच्या वर जाते. 20,000 पेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे, म्हणजे जनगणना विभागाच्या नमुना पाहणीचे, पाच वर्षांचे एकत्रित अंदाजच मिळतात. म्हणून एखाद्या छोट्या गटाच्या आकड्यासोबत दिलेली त्रुटीची मर्यादा वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. शाळेचे पट जरूर पाहा: तरुण कुटुंबं इथे आल्यामुळे बदल आधी वर्गात दिसतो, मतदारयादीत फार उशिरा.

शाकाहारींनी मेक्सिकन खानावळीत बीन्स मागवताना ‘मांतेका’, म्हणजे डुकराची चरबी, घातली आहे का हे विचारावं. भातही पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. लाओ पद्धतीच्या पपईच्या कोशिंबिरीत फिश सॉस असतो, तो आधीच सांगून टाळता येतो. टेबलावर वाढणाऱ्याला 15 ते 20 टक्के टिप द्या, शक्यतो रोख.