थरथरणारा स्वर

बाली बेटावरच्या गामेलान वाद्यवृंदात काशाच्या पट्ट्यांची वाद्ये जोडीने घडवतात आणि जोडीतले एक मुद्दाम किंचित चढे लावतात. दोन्हींवर एकाच वेळी आघात झाला की स्वर थरथरू लागतो, आणि ती थरथर हाच त्या संगीताचा प्राण आहे. पहिल्यांदा ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा मला वाद्ये चक्क बेसूर वाटली होती. कान तयार व्हायला बरेच दिवस लागले. शिवाय प्रत्येक वृंदाची स्वरजुळणी निराळी असते. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या कीबोर्डवर हे संगीत बसवायला गेले, तर नेमके तेच हरवते.

युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा आणि २००५ मध्ये सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेचा करार स्वीकारला, हे मोलाचेच आहे. तरीही नुसती ध्वनिमुद्रणे जपून भागणार नाही. वाद्य घडवणारा, ते वाजवणारा आणि शिकायला बसलेले मूल ही साखळी टिकायला हवी. अनुदान द्यायचेच, तर महोत्सवाच्या मांडवाआधी ते त्या कार्यशाळेला मिळावे, जिथे काशाची पट्टी अजूनही कानाने पारखत, घासत घासत सुरात आणली जाते.